नाव बदलले तरी नोंद टिकावी : सूक्ष्मजीवांची नामांतरे आणि वैद्यकीय परिभाषा

वैद्यकीय परिभाषा-प्रणालीत सूक्ष्मजीवाच्या नावाकडून दोन कामांची अपेक्षा असते. रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला त्या नावावरून आज औषध ठरवता आले पाहिजे. आणि दहा वर्षांनी कोणी दप्तर उघडले, तर त्या जंतूची सगळी प्रकरणे त्याला एका जागी सापडली पाहिजेत. नाव स्थिर आहे तोवर ही दोन्ही कामे बिनबोभाट पार पडतात. नाव बदलले की पहिल्या कामाला नवे नाव हवे असते आणि दुसऱ्याला जुने सोडवत नाही. जीवाणूंची नवी नावे आणि नवी वर्गवारी शास्त्रीय नियतकालिकांत महिन्यागणिक प्रसिद्ध होत असतात. त्यामुळे हा कधीतरी उपटणारा तांत्रिक अडथळा मानून भागत नाही; त्यासाठी कायमची व्यवस्था लागते. ती व्यवस्था कशी असावी, हा या विषयाचा गाभा आहे.

मुंबईच्या मालाडसारख्या उपनगरात हा प्रश्न फार लवकर जमिनीवर येतो, कारण तिथे रुग्णाची नोंद एका छताखाली राहत नाही. स्टेशनजवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल झालेल्या रुग्णाचे रक्त कल्चरसाठी खासगी लॅबच्या कलेक्शन सेंटरवर जाते आणि तिथून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुख्य प्रयोगशाळेत. प्रकृती ढासळली तर रुग्णाला कांदिवलीच्या शताब्दी किंवा जुहूच्या कूपर रुग्णालयात हलवतात. तीन ठिकाणी तीन निरनिराळी सॉफ्टवेअर असतात. समजा, प्रयोगशाळेतल्या, जंतू ओळखणाऱ्या मॅल्डी-टॉफ यंत्राची जंतुसूची नुकतीच अद्ययावत झाली आहे आणि ते ‘क्लेबसिएला एरोजेनेस’ असे नाव देते. लॅबच्या सॉफ्टवेअरमधल्या मूळ यादीत, म्हणजे मास्टरमध्ये, मात्र अजून ‘एन्टरोबॅक्टर एरोजेनेस’ हेच नाव आहे. रात्रपाळीच्या टेक्निशियनला ड्रॉपडाउनमध्ये यंत्राने दिलेले नाव सापडत नाही. मग तो ‘क्लेबसिएला स्पीशीज’ निवडतो, किंवा ‘अदर’ निवडून शेजारच्या चौकटीत हाताने नाव टाइप करतो. रिपोर्ट वेळेवर जातो, कोणाची तक्रार येत नाही. पण त्या क्षणी एकाच जंतूच्या त्या लॅबमध्ये तीन ओळखी तयार झालेल्या असतात आणि त्या एकत्र आणणारा धागा कुठेच नोंदलेला नसतो.

नावे बदलतात त्यामागे लहर नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जीवाणूंचे गट त्यांचा आकार, ग्रॅम रंगप्रक्रिया, कोणती साखर आंबवतात, हालचाल करतात की नाही, अशा दिसणाऱ्या गुणांवर पाडले गेले. डीएनए-संकरण, नंतर रायबोसोमच्या जनुकाचा क्रम आणि आता संपूर्ण जनुकसंच वाचण्याची सोय झाल्यावर लक्षात आले की दिसण्यात सारखे असलेले अनेक जंतू नात्याने दूरचे आहेत, आणि वेगळे वाटणारे काही सख्खे आहेत. नावाने नाते सांगावे हा वर्गीकरणशास्त्राचा नियम असल्यामुळे नाते बदलले की नाव बदलते. बुरशींच्या बाबतीत आणखी एक कारण जोडले गेले. एकाच बुरशीला तिच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांसाठी दोन निरनिराळी नावे देण्याची जुनी मुभा २०११ च्या मेलबर्न काँग्रेसने काढून घेतली आणि २०१३ पासून ‘एक बुरशी, एक नाव’ हा नियम लागू झाला.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण अनेक लॅब त्यापायी घाईने चुकीचे निर्णय घेतात. जीवाणूंच्या नावांना अधिकृत नियमसंहिता आहे, वर्गीकरणाला नाही. नियमाप्रमाणे प्रसिद्ध झालेले नवे नाव वैध असते, पण त्यामुळे आधीचे वैध नाव आपोआप रद्द होत नाही. कोणती वर्गवारी पटते ते ठरवण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असते. म्हणूनच रुग्णालयाने नवे नाव कधी स्वीकारायचे, हा निर्णय विचारपूर्वक घेता येतो आणि घ्यायलाच हवा. विषाणूंचे तसे नाही. तिथे आंतरराष्ट्रीय समिती वर्गवारीही ठरवते. परिभाषा-प्रणालीला असे निरनिराळे कायदे पाळणारे जीवाणू, बुरशी, विषाणू आणि परोपजीवी एकाच यादीत नांदवावे लागतात.

नामांतराचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे निव्वळ नामांतर. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे २०१६ मध्ये क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल झाले. जंतू तोच, अतिसार तोच, औषध तेच, ‘सी. डिफ’ हे बोलीतले लघुरूपसुद्धा तसेच टिकले. अशा वेळी प्रणालीने करायचे काम थोडे असते आणि ते स्नोमेड सीटी या जागतिक परिभाषेत कसे होते, हे समजून घेतले की पुढचे अवघड प्रकार उलगडतात. स्नोमेड सीटीमध्ये प्रत्येक संकल्पनेला अर्थहीन असा क्रमांक असतो. या जंतूचा क्रमांक ५९३३००१. त्या आकड्यांत ना जातीचे नाव दडलेले आहे ना गटाचे, आणि हीच त्याची ताकद आहे. नाव बदलल्यावर क्रमांक तोच राहतो. पूर्ण नाव नवे लिहिले जाते, जुने नाव समानार्थी म्हणून त्याच क्रमांकाखाली राहते, आणि वंशावळीत त्या जंतूचा पालक-गट बदलतो. जुन्या नावाने शोधणाऱ्यालाही तोच जंतू सापडतो. जी संकल्पना मुळातच चुकीची किंवा संदिग्ध ठरते ती निष्क्रिय केली जाते, पण पुसली जात नाही. तिच्यासोबत ‘हिच्याऐवजी ती वापरा’ किंवा ‘यांपैकी एक असू शकेल’ असा ऐतिहासिक दुवा ठेवला जातो. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या कशालाही पुन्हा दिला जात नाही.

इतकी शिस्त पुरेशी वाटेल. ती पुरत नाही, याचे उत्तम उदाहरण म्हणजे वर आलेला क्लेबसिएला एरोजेनेस. जनुकसंचाच्या अभ्यासानंतर २०१७ मध्ये एन्टरोबॅक्टर एरोजेनेसला क्लेबसिएला या कुळात (जीनसमध्ये) घेण्यात आले. नात्याच्या दृष्टीने ते योग्यच. पण रुग्णालयात ‘क्लेबसिएला’ म्हटले की डॉक्टरच्या डोळ्यांपुढे क्लेबसिएला न्यूमोनिए उभा राहतो, आणि हा नवा क्लेबसिएला औषधांच्या बाबतीत तसा वागत नाही. त्याच्या गुणसूत्रावरच काही प्रतिजैविके तोडणारे अँपसी हे विकर बनवणारे जनुक आहे. त्यामुळे पहिल्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानेट त्याच्यावर मुळातच चालत नाहीत, आणि तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन सुरू असतानाच तो त्यांना निर्ढावण्याची शक्यता असते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ‘क्लेबसिएला कुळातील सर्व’ असा नियम लिहून औषधांच्या सूचना दाखवल्या जातात, तिथे वंशावळीतला हा एक बदल रातोरात चुकीची सूचना दाखवू लागतो. सूचना लिहिणाऱ्याने काहीही बदललेले नसते. त्याच्या पायाखालची यादी सरकलेली असते.

याच नावाला आणखी एक पदर आहे. ब्रिटिश वळणाच्या जुन्या लेखनात ‘क्लेबसिएला एरोजेनेस’ हे नाव आज ज्याला क्लेबसिएला न्यूमोनिए म्हणतात त्या जंतूसाठी वापरले जाई. मुंबईतल्या जुन्या कागदांत हे नाव आढळले, तर ते आजच्या क्लेबसिएला एरोजेनेसच्या क्रमांकाशी आंधळेपणाने जोडता येणार नाही. शब्द अक्षरशः तोच, जंतू वेगळा. केवळ नावे जुळवून जुन्या नोंदींना क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धती इथे ठेचाळतात, आणि नोंदीचा काळ विचारात घेणारा माणूसच ही गाठ सोडवू शकतो.

ब्रुसेलाचे प्रकरण याहून गंभीर आहे. ऑक्रोबॅक्ट्रम अँथ्रोपी हा माती-पाण्यात राहणारा जंतू क्वचित, बहुधा शिरेतल्या कॅथेटरमधून, अशक्त रुग्णाच्या रक्तात शिरतो. २०२० मध्ये जनुकसंचाच्या आधारे ऑक्रोबॅक्ट्रम कूळ ब्रुसेलात विलीन करण्याचा प्रस्ताव वैध नावांसह प्रसिद्ध झाला आणि हा जंतू ‘ब्रुसेला अँथ्रोपी’ झाला. खऱ्या ब्रुसेलोसिसचा, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या तापाचा, जंतू प्रयोगशाळेत हाताळणाऱ्यालाच लागण करू शकतो. तो दिसला की सुरक्षा-कपाटाबाहेरचे काम थांबवून संपर्कातल्या सर्वांची चौकशी करतात. रुग्णाला डॉक्सिसायक्लिन आणि त्याच्या जोडीला दुसरे प्रतिजैविक कित्येक आठवडे द्यावे लागते. ऑक्रोबॅक्ट्रमला यातले काहीच लागू नाही. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत ब्रुसेला हे नाव पुस्तकी नाही. गोरेगावची आरे कॉलनी आणि जोगेश्वरी ते मालाडपर्यंतच्या पट्ट्यातले म्हशींचे तबेले लक्षात घेतले, तर जनावरांशी संपर्क असलेला तापाचा रुग्ण इथल्या डॉक्टरला अपरिचित नसतो. अशा रुग्णाच्या रिपोर्टवर ‘ब्रुसेला’ हा शब्द आला की डॉक्टर ब्रुसेलोसिसचेच उपचार सुरू करील, आणि कॅथेटर काढण्याचे खरे काम राहून जाईल. उलट दिशेचा धोका त्याहून मोठा आहे: ‘ब्रुसेला म्हणजे आता तो निरुपद्रवी असतो’ अशी सवय पडली, तर खरा ब्रुसेला टेक्निशियनच्या हातून निसटेल. वंशावळीतल्या बदलाने रुग्णाचा किंवा कर्मचाऱ्याचा जीव धोक्यात येत असेल, तर परिभाषा-प्रणालीने तो बदल जसाच्या तसा रिपोर्टपर्यंत पोहोचू देऊ नये, अशी स्पष्ट भूमिका येथे घ्यावी लागते.

ही भूमिका मनमानी नाही. तिला नामकरणाच्या न्यायालयातलाच पूर्वनिर्णय आहे, आणि त्याचा विषय मुंबईच्या इतिहासाशी जोडलेला आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्याच वर्षी जर्मनीत लेमान आणि नॉयमान यांनी या जंतूला ‘बॅक्टेरियम पेस्टिस’ असे नाव दिले. प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली, तेव्हा हा जंतू शास्त्रात नुकताच नोंदला गेला होता. पुढे कित्येक दशके तो पाश्चुरेला पेस्टिस म्हणून ओळखला गेला आणि १९४४ मध्ये व्हान लोगम यांनी त्याला यर्सिनिया कुळात नेले. १९८१ मध्ये डीएनएच्या पुराव्यावरून असे सुचवण्यात आले की हा स्वतंत्र जंतूच नव्हे, यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिसची ती उपजाती आहे. पुरावा भक्कम होता. तरीही १९८५ मध्ये जीवाणूंच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय न्यायिक आयोगाने ते नाव नाकारले आणि यर्सिनिया पेस्टिस हे नाव राखून ठेवले, कारण एका सौम्य जंतूच्या नावाखाली प्लेग लपला तर सार्वजनिक आरोग्याला धोका होता. शास्त्रीय नाते मान्य करूनही धोकादायक नाव रोखता येते, हे या निर्णयाने प्रस्थापित केले.

नाव तेच राहून अर्थ आक्रसणे हा सर्वांत फसवा प्रकार. लेप्टोस्पायरा हे त्याचे उदाहरण. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि पाठोपाठ मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. दर पावसाळ्यात मालाड सबवे तुंबतो, पोइसर नदी पात्र सोडते आणि साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना महापालिका डॉक्सिसायक्लिन घेण्याचा सल्ला देते, तो याच आजारामुळे. जुन्या पद्धतीत लेप्टोस्पायराच्या दोनच जाती होत्या: रोगकारक त्या सगळ्या ‘इंटरोगान्स’, निरुपद्रवी त्या ‘बायफ्लेक्सा’. १९८७ पासून डीएनएच्या आधारे इंटरोगान्सची बोर्गपेटरसेनाय, किर्श्नेराय, वाइलाय अशी फाळणी झाली आणि उरलेल्या एका भागालाच इंटरोगान्स हे नाव राहिले. म्हणजे एका नोंदीतला ‘लेप्टोस्पायरा इंटरोगान्स’ हा ‘कोणताही रोगकारक लेप्टोस्पायरा’ असू शकतो आणि शेजारच्या नोंदीतला एक विशिष्ट जाती. त्यात भर अशी की बहुतेक रुग्णांचे निदान रक्तातल्या प्रतिद्रव्यांवरून होते, आणि त्या चाचण्या जात सांगतच नाहीत. सूक्ष्म-समूहन चाचणीसुद्धा फार तर सिरोगट सुचवते, आणि एकच सिरोगट अनेक जातींत आढळतो. तरीही रिपोर्टच्या छापील मजकुरात ‘इंटरोगान्स’ हा शब्द पूर्वापार बसलेला असतो.

अशा नोंदीला आज जातीचा क्रमांक देणे म्हणजे चाचणीने जे सिद्ध केले नाही ते नोंदवहीत सिद्ध करून टाकणे. योग्य मार्ग हा की प्रतिद्रव्यांवर आधारलेली नोंद कुळापाशी थांबवावी आणि जातीचा क्रमांक जनुकीय चाचणी झालेल्यांनाच द्यावा. पुढे कोणी पश्चिम उपनगरांत कोणत्या जातीचा प्रादुर्भाव किती, याचा अभ्यास करायला घेतला, तर त्याच्या हाती निदान खरी अनिश्चितता येईल. खोटी अचूकता येणार नाही.

२०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या लाटेने बुरशींच्या नावांतला गोंधळ महाराष्ट्रात घराघरात आणला. त्यावर फार लांबण लावण्याचे कारण नाही, पण दोन गोष्टी नमूद करायला हव्यात. ‘ब्लॅक फंगस’ हे वृत्तपत्री नाव या आजाराचे समानार्थी म्हणून प्रणालीत घालणे चूक ठरेल, कारण बुरशीशास्त्रात काळ्या बुरशी म्हणजे रंगद्रव्य असलेल्या निराळ्याच बुरशी. आणि जुन्या नोंदींतला ‘झायगोमायकोसिस’ म्हणजे सरसकट म्युकरमायकोसिस नव्हे. त्या नावाखाली बॅसिडिओबोलस आणि कोनिडिओबोलस यांचे, वेगळ्या उपचारांचे आजारही मोडत असत. कॅन्डिडा या बुरशीच्या जातींचीही नावे बदलत आहेत. कॅन्डिडा क्रुसायला आता पिचिया कुद्रियावझेव्हाय म्हणतात. ‘क्रुसाय’ वाचताच फ्लुकोनाझोल चालणार नाही हे ज्या डॉक्टरला आठवते, त्याला ‘पिचिया’ वाचून काहीच आठवणार नाही. अतिदक्षता विभागांची झोप उडवणाऱ्या कॅन्डिडा ऑरिसला २०२४ मध्ये कॅन्डिडोझायमा ऑरिस हे नाव सुचवले गेले. तिथे ‘ऑरिस’ हा शब्द टिकल्यामुळे हानी कमी आहे.

या सगळ्याचा हिशेब शेवटी आकडेवारीत द्यावा लागतो. रुग्णालय वर्षाअखेरीस कोणत्या जंतूवर कोणते प्रतिजैविक किती टक्के चालते, याचा तक्ता काढते. एखाद्या जंतूचे निदान ३० नमुने असल्याशिवाय टक्केवारी देऊ नये, असा प्रचलित दंडक आहे. समजा, वर्षभरात एकाच जंतूचे २१ नमुने जुन्या नावाने आणि १८ नव्या नावाने नोंदले गेले. दोन्ही ओळी तिसाच्या आत राहतात, दोन्ही वगळल्या जातात, आणि ३९ नमुन्यांचा पुरावा असूनही तो जंतू तक्त्यातून नाहीसा होतो. पुढच्या वर्षी पहिला उपचार ठरवणारा डॉक्टर त्या तक्त्यावर विसंबतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट ही की या कामाचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात आहे. भारत २०१४ मध्ये स्नोमेड सीटी सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला, आणि देशातल्या वितरणाची जबाबदारी पुण्याच्या सी-डॅकमधील इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंद मानकांच्या राष्ट्रीय संसाधन केंद्राकडे आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुधारून जाहीर केलेल्या आरोग्य-नोंद मानकांत स्नोमेड सीटीचा समावेश आहे, आणि २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे मालाडच्या लॅबमधला रिपोर्ट रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरच्या पडद्यावर उघडणे शक्य झाले आहे. स्नोमेड सीटीची आंतरराष्ट्रीय आवृत्ती २०२२ पासून दर महिन्याला निघते. नावांचे बदल आता सहा महिन्यांनी गठ्ठ्याने येत नाहीत. सतत झिरपत राहतात. त्यामुळे ‘सवडीने पाहू’ हे धोरण चालणार नाही.

मग कायमच्या व्यवस्थेची पहिली शिस्त नोंदीची आहे. लॅबने जे नाव छापले ते अक्षरशः तसेच जतन झाले पाहिजे, शेजारी क्रमांक आणि तो परिभाषेच्या कोणत्या आवृत्तीतला हे असले पाहिजे. जुना रिपोर्ट उघडताना सॉफ्टवेअरने आपणहून नवे नाव दाखवणे धोक्याचे आहे. २०१२ च्या डॉक्टरने जे वाचून उपचार केले तेच २०३० मध्येही दिसले पाहिजे. नवे नाव शेजारी, वेगळे ओळखू येईल असे यावे. दुसरी शिस्त निर्णयाची. नवे नाव स्वीकारायचे की नाही आणि कोणत्या तारखेपासून, हे एका जबाबदार सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने ठरवावे, यंत्राच्या अद्ययावतीकरणावर सोडू नये. स्वीकारल्यावर निदान वर्षभर रिपोर्टवर जुने नाव ‘पूर्वीचे’ म्हणून छापावे. ब्रुसेला अँथ्रोपीसारख्या नावांपुढे तर हा खुलासा कायमच ठेवावा. औषधांच्या सूचना आणि साथनियंत्रणाचे इशारे कुळाच्या नावावर न बांधता जातींच्या नेमक्या यादीवर बांधावेत, आणि परिभाषेची नवी आवृत्ती घेण्याआधी त्या याद्या जुन्याशी ताडून पाहाव्यात. हे ताडून पाहण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते पहिल्यांदा टाळले जाते. पण वर सांगितलेल्या बहुतेक अपघातांना तिथेच अटकाव होतो.

यासाठी मोठ्या रुग्णालयाची यंत्रणा लागते असे नाही. उपनगरातल्या एका मध्यम लॅबला वर्षभरात लागणाऱ्या जंतूंची यादी काही पानांत मावते. स्नोमेड सीटीचा वापर भारतात निःशुल्क आहे. मालाड, कांदिवली, बोरिवलीतल्या लॅबचालकांनी आपला जंतूंचा मास्टर एकदा समोर घेऊन प्रत्येक नावापुढे क्रमांक, जुनी नावे आणि स्वीकाराची तारीख हे तीन रकाने भरावेत. ‘अदर’ खाली हाताने टाइप झालेल्या नावांपासून सुरुवात करावी.